पाचव्या चॅनेलवरचा गवई

शेजारच्या बांधकामावरचा क्रेनवाला दिवसभर वॉकीटॉकीवर गायचा. गळा असा, की कावळ्यालाही स्वतःचा अभिमान वाटावा. दोन्ही कामांचे सेट पाचव्याच चॅनेलवर चालत, म्हणून त्याचं गाणं थोरल्याच्या खिशात वाजायचं. थोरला आधीच तापट. त्यानं त्याचं नाव ‘गवई’ ठेवलं आणि सकाळी स्वतःच्या व धाकट्या भावाच्या सेटवर कोड लावून टाकला. कोड लावला की ज्याच्या सेटवर तोच कोड, त्याचाच आवाज ऐकू येतो; बाकीचे मुके. बिनकोडाच्या सेटवर मात्र सगळ्यांचंच बोलणं ऐकू येतं.

“चॅनेल बदल की, दादा. कान कशाला बंद करतोस?” धाकटा म्हणाला.

“मला अक्कल शिकवू नकोस. रंग कालव.”

भाऊ पाण्याच्या टाक्या आतून रंगवत. रंगाचा वास डोक्यात चढतो, म्हणून एकानं आत उतरायचं आणि दुसऱ्यानं तोंडाशी बसायचं, हा वडिलांनी घालून दिलेला नेम. जेवणानंतर धाकट्यानं सेटची बॅटरी बदलली आणि तो तळघरातल्या टाकीत उतरला. थोरल्यानं बॅटरी बदलताना पाहिलं होतं. या जुन्या सेटांची बॅटरी काढली की कोड पुसला जातो, हेही त्याला ठाऊक होतं. पण त्या वेळी मेलं ध्यानात आलं नाही. तेवढ्यात मुकादमानं गच्चीवर बोलावलं. वॉकी आहे की जवळ, असं म्हणत दुखरा गुडघा चोळत थोरला जिना चढला.

वर मुकादमाशी बोलताना सेटवरचा हिरवा दिवा सारखा लागत होता. चॅनेलवर कुणीही बोललं की तो लागतो, आवाज येवो न येवो.

“गा लेका, घसा फुटेस्तोवर गा,” थोरला खुशीत पुटपुटला. मग त्यानं बटण दाबलं. “काय रे, ठीक ना?”

दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आवाज नाही. सकाळच्या बोलण्यावरून रुसला असेल, असं थोरल्याला वाटलं.

“बस मग फुगून!” तो सेटवर ओरडला.

तो खाली आला तेव्हा एक अनोळखी माणूस फाटकातून धापा टाकत शिरत होता. “इथं दादा कोण? टाकीत कोण आहे?”

दोघांनी मिळून धाकट्याला वर ओढलं. पण सगळं संपलं होतं. थोरल्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो गुरासारखा हंबरला.

तो माणूस शेजारी टेकला आणि बोलू लागला. आवाज बसका होता, तरी थोरल्यानं ओळखला. गवई.

“कधीचा हाका मारत होता, भाऊ. कुठल्या कामावर आहेस विचारलं, तर नुसतं दादा, टाकीत ये, दादा. तुमचं ‘बस फुगून’ आलं तेव्हा रडायलाच लागला. मला राहवेना. म्हटलं, रडू नको, दादाच बोलतोय, निघालोय मी. आणि क्रेनवरून उतरलो.”

थोरल्यानं मान वर केली. “त्याला खरं वाटलं?”

“वाटलं असावं. म्हणाला, सावकाश ये, गुडघा दुखेल.”