तिसऱ्या बाकावरच्या सासूबाई

उन्हाळी सत्राच्या पहिल्या तासाला ती वर्गात शिरली तेव्हा तिने टिपणं दोनदा तपासून घेतली होती. जीवशास्त्राची तोंडओळख करून देणारा हा वर्ग तिच्या वाट्याला आला तोच मुळी अपघाताने. जे जुने प्राध्यापक तो दरवर्षी घेत, त्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. एरवी अख्ख्या सत्रात शिकवायचं ते उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत उरकायचं. सकाळी व्याख्यान, दुपारी प्रयोगशाळा. एक दिवस बुडाला की आठवडा बुडाल्यासारखं. हे नीट पार पडलं तर पुढच्या सत्रात तुमचा विचार करू, असं विभागप्रमुख म्हणाले होते. तो ‘विचार करू’ तेव्हापासून तिच्या डोक्यात माशीसारखा घोंघावत होता.

तिने वर्गावर नजर फिरवली. मागच्या सत्रात गटांगळ्या खाऊन पुन्हा बसलेली मुलं होती, पुढचं वर्ष हलकं व्हावं म्हणून आधीच विषय संपवायला आलेल्या दोन-चार हुशार मुली होत्या. आणि तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, नवीकोरी वही उघडून, पदर नीट सावरून तिच्या सासूबाई बसल्या होत्या.

आधी तिला वाटलं, घरी काही झालं म्हणून निरोप द्यायला आल्या असतील. पण सासूबाईंनी तिच्याकडे न बघता फळ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं. तासाभरापूर्वी दोघींनी एकाच ओट्यापाशी उभं राहून चहा घेतला होता. तेव्हा त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

त्या तासाला तिने काय शिकवलं ते तिचं तिलाच आठवेना. पेशी हा शब्द फळ्यावर लिहिताना खडू दोनदा मोडला.

संध्याकाळी उलगडा झाला. सासूबाई तरुणपणी विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होत्या. लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. पुढे टेलिफोन खात्यात जन्म गेला. आता निवृत्त झाल्यावर कळलं की उन्हाळी वर्गांना वयाची अट नाही, तेव्हा त्यांनी गुपचूप नाव घातलं. त्या वेळी वर्ग जुने प्राध्यापकच घेणार होते. नंतर सून शिकवणार असं कळलं, तेव्हा मागे फिरावं असं त्यांना एकदा वाटलंही, पण मग म्हटलं, इतक्या वर्षांनी उंबरठ्यापर्यंत आलेय, आता कशाला फिरू. आधी का सांगितलं नाही, असं सुनेने विचारलं, तर त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस.” ते खरंच होतं.

मग दोघींनी मिळून एक ठरवून टाकलं. घरात जीवशास्त्राचं नाव काढायचं नाही. शंका असेल तर वर्गात हात वर करायचा, आणि वर्गात ती सून नाही, मॅडम.

विभागप्रमुखांना हे सांगायला हवं होतं. जवळचं माणूस वर्गात असेल तर कळवायचं, त्याचे पेपर दुसऱ्याने तपासायचे, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दारापर्यंत गेली. आत ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की दुसरा एक उन्हाळी वर्ग बंद करतोय, भलत्या भानगडी नकोत. ती तशीच मागे वळली. उद्या सांगू म्हणाली. उद्याचा परवा झाला, आणि जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. कॉरिडॉरमध्ये विभागप्रमुखांचे बूट वाजले की ती जवळच्या रिकाम्या वर्गात शिरायची.

सासूबाई मात्र शब्दाला जागल्या. वर्गातली मुलं त्यांना आजी म्हणू लागली, त्यांच्याकडून पेन उसनं नेऊ लागली. त्या हात वर करून “मॅडम, हे पुन्हा सांगता का?” असं विचारायच्या आणि तिला दर वेळी टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. पुन्हा सांगायला वेळ कुठे होता? पुढचा धडा मानगुटीवर बसलेला असायचा. ती तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात म्हणायची आणि पुढे सरकायची. सासूबाई मान डोलवायच्या. कळलेलं नाही हे दोघींनाही कळायचं.

पहिल्या चाचणीत सासूबाई नापास झाल्या.

सुनेने तो पेपर किती वेळा वाचला याला सुमार नाही. अक्षर मोत्यासारखं, उत्तरं लांबलचक, पण मुद्द्याला हात लागलेला नाही. कुठे अर्धा गुण बसतो का ते ती शोधत राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला. याच चुकांवर तिने मागच्या बाकावरच्या मुलाला भोपळा दिला होता. तिने होते तेवढेच गुण लिहिले आणि वर्गात पेपर वाटताना तो पालथा ठेवला. सासूबाईंनी तो उलटून बघितला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी सासूबाई भाजी चिरत बसल्या होत्या. सुनेच्या हातून झाकण पडलं, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी असायचा, शनिवार-रविवार यायचा. फोनवर त्याला सांगितलं तर तो हसत सुटला. सासूला नापास केलंस, आता तुझी धडगत नाही, म्हणाला. तिला हसू आलं नाही. सासूबाई रुसल्या असतील तर परवडलं, पण त्या रुसलेल्याही वाटत नव्हत्या. त्या नुसत्या गप्प झाल्या होत्या. मधूनच डोळा चोळायच्या. रडल्या की काय, असं तिच्या मनात यायचं आणि विचारायचा धीर व्हायचा नाही.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची पाळी आली. कांद्याचा पातळ पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि दिसतील त्या पेशी वहीत काढायच्या. सूक्ष्मदर्शक जुने, एकाच डोळ्याने बघायचे. त्या दिवशी विभागप्रमुख फेरी मारणार अशी कुणकुण होती, त्यामुळे तिचा अर्धा जीव दारात अडकला होता. कुणी काचपट्टी फोडत होतं, कुणी आयोडीनने बोटं रंगवून बसलं होतं.

सासूबाईंनी हात वर केला. “मॅडम, याच्यात अर्धंच दिसतंय.”

तिने जाऊन पाहिलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी तिने दिवा सरळ केला, काच पुसली. सासूबाईंनी डोळा लावला आणि पुन्हा तेच सांगितलं. तिने शेजारच्या मुलीचा सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे ओढला. तरी अर्धंच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कॉरिडॉरमध्ये बूट वाजल्यासारखे वाटले आणि तिचा तोल गेला.

“सगळ्यांना दिसतंय. तुम्हालाच कसं दिसत नाही?”

घरात इतक्या वर्षांत ती सासूबाईंशी या सुरात बोलली नव्हती.

सासूबाई रागावल्या नाहीत. नळीवरून डोळा न काढता सावकाश म्हणाल्या, “एका बाजूने काळं आहे. पडदा ओढून घेतल्यासारखं.”

कुठला डोळा लावलाय, ते तिने पाहिलं. डावा. ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “आई, उजव्याने बघा.”

वर्गात ती त्यांना आई म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंनी डोळा बदलला. आता सगळं दिसतंय, विटांच्या भिंतीसारखं, म्हणाल्या आणि हसल्या. तिने विचारलं, असं कधीपासून? पडद्याचं आत्ताच कळलं, त्या म्हणाल्या, एक डोळा झाकून कोण कशाला बघतंय. पण काही दिवस डोळ्यापुढे चिलटं उडाल्यासारखी वाटत होती, आणि मान वळवली की कडेला वीज चमकल्यासारखी. वाचायची सवय गेली म्हणून होत असेल, असं त्यांनी धरलं होतं.

डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला की नेमकं असंच होतं, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. मधला भाग शाबूत आहे तोवर आशा. तोही सुटला तर नजर गेल्यातच जमा. आणि ते किती वेळात होईल, हे कुणालाच सांगता येत नाही.

तिने मुलांना दिवे बंद करायला लावले, पापुद्रा सोलायची धारदार पाती मोजून डब्यात ठेवली आणि आजचा प्रयोग इथेच संपला असं सांगून खोलीला कुलूप घातलं. सासूबाईंचा हात धरून ती थेट विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

“सर, या माझ्या सासूबाई. डोळ्याचा पडदा सुटतोय असं वाटतंय. मी यांना घेऊन चाललेय.”

विभागप्रमुखांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. “कधीपासून?”

“डोळ्याचं थोडे दिवस,” ती म्हणाली. “बाकीचं पहिल्या दिवसापासून.”

त्यांच्या कपाळावर आठी चढली. पण ते एवढंच म्हणाले की आधी जा, बाकीचं नंतर बोलू.

टॅक्सीत सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. धक्का बसू नये म्हणून तिने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं होतं. प्रत्येक खड्ड्याआधी ती ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगत होती. तुझा वर्ग बुडाला, सासूबाई म्हणाल्या. बुडू दे, ती म्हणाली. मग तिच्याच्याने राहवेना. चिलटं दिसत होती तर बोलला का नाहीत, असं तिने विचारलं.

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “नापास झाल्यावर डोळ्याचं काढलं असतं, तर तुला वाटलं असतं सबब सांगतेय.”

वाटलंच असतं, हे तिला ठाऊक होतं. वर्गातली मॅडम घरातही मॅडमच राहिली होती आणि तिच्या धाकाने एक बाई आपलं दुखणं गिळून भाजी चिरत बसली होती. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. सिग्नल सुटायचं नाव घेत नव्हता.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलं, मग आत नेलं. डॉक्टरीणबाई भरभर बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि सांगितलं की पडदा सुटलाय, पण मधला भाग अजून धरून आहे. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन यांचंच. नजर पूर्ण परत येईल का, असं तिने विचारलं. त्याचं वचन मी देत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नवरा मिळेल त्या गाडीने आला. सकाळी ऑपरेशनच्या दाराबाहेर तो फेऱ्या मारत राहिला आणि ती एका जागी बसून राहिली. दार उघडलं की दोघंही उठायची आणि भलत्याच कुणाला बाहेर आणताना पाहून पुन्हा बसायची. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या आणि पडदा बसवलाय असं म्हणाल्या. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. त्याच्या दाबाने पडदा चिकटायचा, म्हणून आता काही दिवस मान खाली घालून, पालथं पडून राहायचं. उताणं झोपायचं नाही.

विभागप्रमुखांनी तिला बोलावलं ते त्यानंतर. वर्ग सोडून गेलात याबद्दल माझी तक्रार नाही, ते म्हणाले, पण लपवलंत हे बरं केलं नाहीत. सासूबाईंचा आधीचा पेपर त्यांनी दुसऱ्या प्राध्यापकांकडून तपासून घेतला होता. गुण तेवढेच भरले. पुढची परीक्षाही ते दुसरे प्राध्यापकच घेणार होते. सत्र तिने पुरं करावं. पुढच्या सत्राबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि विचारायला तिचीही जीभ रेटली नाही.

घरी सासूबाई उशीत तोंड खुपसून पडलेल्या. दिवसातून कितीदा तरी विचारायच्या, पडदा पुन्हा सुटला तर? ती म्हणायची, नाही सुटणार, आणि आपला आवाज खरा वाटला का याचा विचार करत बसायची. त्यांचं मन दुसरीकडे लागावं म्हणून एक दिवस ती कॉलेजचं पुस्तक घेऊन पलंगाशेजारी जमिनीवर बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिल्या परिच्छेदालाच उशीतून आवाज आला, “थांब. हे परत सांग.”

तिने परत सांगितलं. या वेळी वेगळ्या शब्दांत, सावकाश. पेशीच्या आवरणातून काय आत जातं आणि काय नाही, हे समजायला त्यांना अख्खी दुपार लागली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते तिला उलट समजावून सांगितलं आणि त्यात तिची एक चूक काढली. त्या आठवड्यात ती वर्गातही हळू बोलू लागली. शेवटचा एक धडा त्यामुळे राहून गेला. तो राहिला याची धास्ती तिला होतीच.

बुडबुडा विरला तशी नजर आली, पण पहिल्यासारखी नाही. डाव्या डोळ्याने सरळ रेघ जरा वाकडी दिसायची. हे असंच राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिन्याभराने सासूबाईंनी त्यांच्यासाठी पुढे ढकललेली परीक्षा दिली आणि काठावर पास झाल्या. त्यांनी ते सुनेला सांगितलं, नंतर शेजारणीला, नंतर लेकाला फोन करून सांगितलं. विभागप्रमुखांनी पुढच्या सत्राला सुनेला बोलावलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बघू, असा निरोप मात्र आला.

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना आणखी एक सांगितलं होतं: उजव्या डोळ्याच्या पडद्यालाही एक जागा नाजूक आहे, लक्ष ठेवा. तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप हातात द्यायच्या आधी ती सासूबाईंना खिडकीसमोर उभं करते, डावा डोळा झाकायला लावते आणि चौकटीचे चारही कोपरे दिसतात का विचारते. सासूबाई कुरकुरतात, चहा निवतोय म्हणतात, पण डोळा झाकतात आणि एकेक कोपरा बोटाने दाखवतात. चौथा कोपरा दाखवून होईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो.