पाचरमामांचे तुकडे

तीस वर्षांत आपण एकही टेकू कापलेला नाही, हे पाचरमामा ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत आणि ऐकणारा सटकायच्या आत पुन्हा एकदा सांगत. स्लॅब ओतला की तो पक्का होईपर्यंत खालून लाकडाचे टेकू द्यावे लागतात. इतर सुतार काय करत? घर बुटकं निघालं, काप टेकू. पुढचं आणखी बुटकं, काप आणखी! चार घरांत त्या टेकूचं सरपण, की निघाले नवी झाडं तोडायला. मामांचे टेकू मात्र सगळ्यात बुटक्या घराच्या मापाचे. चार बोटं कमी पडली तर खाली पाचर ठोकायची, भागलं. त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव आठवायला मामींनाही जरा वेळ लागला असता.

एवढ्यावर थांबले तर ते मामा कसले! दुसऱ्यांनी कापून फेकलेले हात-हातभर तुकडेही ते घरी आणत. पलंगाखाली तुकडे, दारामागे तुकडे, न्हाणीघरात बादलीशेजारी तुकडे.

"या घरात मी राहायचं की या लाकडांनी, ते एकदा ठरवा," मामी म्हणायच्या. "एक दिवस सगळं चुलीत घालते की नाही बघा."

अशात नर्सबाईंच्या घराचं काम आलं. बाईंनी वीस वर्षांपूर्वी जागा घेतली, पण बांधायची ऐपत नव्हती, म्हणून तोवर मागच्या बाजूला झाडं लावली. ड्युटी संपवून यायच्या आणि बादलीने पाणी घालायच्या. आता चाळीस झाडं सरळसोट उभी होती. कामाच्या पहिल्याच दिवशी मामांनी छाती ठोकून सांगितलं, "बाई, टेकूसाठी तुमच्या एकाही झाडाला हात लागणार नाही. लागला, तर हा हातोडा कायमचा खाली ठेवीन."

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

उद्या सकाळी स्लॅब. वर फळ्या बसल्या, सळ्या बांधून झाल्या, फक्त बैठकीच्या खोलीतले मधले अकरा टेकू राहिले होते. मामांनी पहिला उभा केला. टेकू फळीला पोचेचना! चांगला फूटभर कमी.

बैठकीची खोली दोन पायऱ्या खाली होती. नकाशात होतं, इंजिनिअरने तोंडीही सांगितलं होतं. पण मामांनी माप घेतलं ते तीस वर्षांच्या सवयीने, मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरून. फूटभर फटीत पाचरी ठोकून चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

"चूक माझी," ते म्हणाले. लाजेने त्यांची मान वर होईना.

इंजिनिअर तरुण होता, पण माणूस वाईट नव्हता. "मामा, लोखंडी टेकू यायला चार दिवस लागतील. काँक्रीट उद्या येतंय. मागची अकरा झाडं तोडू, संध्याकाळपर्यंत होईल."

नर्सबाई एका झाडाला हात लावून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुणाच्या डोक्यावर छत पडण्यापेक्षा झाडं गेलेली परवडली. तोडा."

ते ऐकून मामांना भडभडून आलं. "खबरदार कुणी कुऱ्हाड उचलली तर! मला दुपारपर्यंत वेळ द्या," ते ओरडले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, ते पलंगाखालचे तुकडे जाळलेस का?"

"आता माझ्या चुलीवर पण नजर का तुमची?"

"अगं बाई, जाळलेस का ते सांग!"

"नाही हो! उगाच घर डोक्यावर घ्याल म्हणून ठेवलेत."

तासाभरात टेम्पो आला. तुकड्यांच्या ढिगावर मामी पदर खोचून बसल्या होत्या. "न्हाणीघरातलेसुद्धा आणलेत," त्या उतरता उतरता म्हणाल्या, "आज पहिल्यांदा मोकळेपणी आंघोळ केली."

मामांनी जमिनीवर जाड फळी टाकली. तिच्यावर दोन तुकडे एका दिशेने, त्यांच्यावर दोन आडवे, पुन्हा दोन पहिल्यासारखे, असा खिळे मारत फूटभर उंचीचा चौथरा रचला. वर फळी, फळीवर पाचर, पाचरीवर टेकू. असे अकरा चौथरे. मग सगळे टेकू आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जखडले. वाळके, कडक तुकडे. एकही हलेना.

"हलत नाहीत ते दिसतंय. भार पेलतील?" इंजिनिअरने विचारलं.

"ठेवा की भार."

त्याने वर फळ्यांवर बरोबर मधोमध वाळूची पोती रचायला लावली. खाली दोरी ताणली, माप घेतलं आणि घड्याळ लावून बसला. तासाने पुन्हा माप घेतलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा घेतलं.

"केसभरसुद्धा खाली आलं नाही," तो म्हणाला. "मामा, उद्या ओता स्लॅब!"

झाडं तोडायला बोलावलेले कुऱ्हाडवाले कपाळाला आठ्या घालून चहा प्यायले आणि गेले.

तीन आठवड्यांनी टेकू काढायचा दिवस आला. मामांनी मधली पाचर ठोकून सैल केली. एक टेकू निघाला, दुसरा निघाला, अकरावा निघाला. फळ्या धाडधाड उतरल्या. वर स्लॅब कसा, आरशासारखा! ना भेग, ना झोळ. बाईंनी मागची खिडकी उघडली. चाळीसच्या चाळीस झाडं जागेवर होती. त्यांनी तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजली, आणि मामांचे दोन्ही हात धरून हसत हसत रडल्या. मामांनी हातोडा खांद्यावर टाकला आणि अख्ख्या घरातून एक चक्कर मारली. उगाचच, मिरवायला.

तिकडे मामी टेम्पोपाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "एक कमी आहे! कुणी घेतला माझा तुकडा?"

इंजिनिअरने ओशाळून पिशवीतून तो बाहेर काढला. "पुढच्या साईटवर दाखवायला नेत होतो, मामी. तिथेही झाडं तोडायचं चाललंय."

"मग न्या की," मामी म्हणाल्या, "पण एकाने काय होणार? कधी पाहिजेत ते सांगा, टेम्पो भरून मी स्वतः घेऊन येते."