खिडकीकडे वळलेली दुर्बीण

मित्रांनो, दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका कपाटात हिवाळ्याच्या स्वेटरांखाली जी दुर्बीण पडून आहे, ती मी. माझी भिंगे अजून स्वच्छ आहेत. मधले चाक बोट लावताच फिरते. तरीही मला कुणी बाहेर काढू नये, असेच मला वाटते. दुर्बिणीला कधी लाज वाटते का, असे तुम्ही विचाराल. मला वाटते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. दीनानाथकाका कचेरीतून निवृत्त झाले, त्या दिवशी सहकाऱ्यांनी मला त्यांच्या गळ्यात अडकवले. दुसऱ्याच सकाळी आम्ही पाखरे पाहायला यमुनेच्या काठावर होतो. रविवारी सोसायटीतली मराठी मुलेही यायची.

"काका, तो लाल पायवाला कोण?"

"शेकाट्या."

"शेका... क्या?" मुले खिदळायची. मग एकेक जण मला डोळ्यांना लावायचा आणि 'अरे वा!' म्हणायचा. तो 'अरे वा' ऐकला की मला धन्य वाटे. पाहणे ही किती निर्मळ गोष्ट आहे, असे मी तेव्हा समजत होते.

पुढे काकांचे गुडघे दुखू लागले. नदीवर जाणे बंद झाले. त्याच सुमारास काकांच्या पत्नीचा, सुहासिनीबाईंचा भाचा हेरंब जिंतूरहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी दिल्लीला आला. आत्याच्या घरी मागची खोली त्याला मिळाली आणि त्याच खोलीतल्या खिळ्यावर मी टांगलेली होते.

हेरंब वाईट मुलगा नव्हता. आत्याला भाजी निवडू लागायचा, काकांच्या गुडघ्यांना तेल लावायचा. पण दिवसभर तो एकटा असे. एकदा पुस्तकांचा कंटाळा येऊन त्याने मला उचलले आणि घारी पाहता पाहता मला समोरच्या इमारतीकडे वळवले. तिथे एका खिडकीत एक तरुणी ओले केस पुसत होती. त्याचा हात थांबला. मधले चाक हळूच फिरले. पडदा लावायचे तिच्या लक्षात आले नव्हते.

त्यानंतर तो रोज त्या वेळेला खिडकीशी येऊ लागला. पुढचे सगळे मी सांगणार नाही. एवढेच सांगते, की मला स्वतःची भिंगे मिटता येत नाहीत.

तिचे नाव अश्लेषा. नोएडातल्या एका कंपनीत ती नोकरी करायची. तिची आणि हेरंबची ओळख झाली ती स्वातंत्र्यदिनी. त्या दिवशी दिल्लीचे आकाश पतंगांनी भरलेले असते आणि मांज्यात पाखरे अडकतात. अशीच एक घार सोसायटीतल्या कडुनिंबावर उलटी लोंबकळत होती. हेरंब झाडावर चढला. खाली अश्लेषा ओढणी पसरून उभी राहिली. दोघांनी रिक्षातून त्या घारीला पाखरांच्या दवाखान्यात नेले. परतले तेव्हा हेरंबच्या हातांवर ओरखडे होते आणि चेहरा उजळलेला होता.

"आत्या, ती मराठीच आहे," तो म्हणाला. आत्या गालात हसली.

हिवाळाभर दोघे भेटत राहिले. तो तिला मेट्रोपर्यंत सोडायला जाई. परीक्षेचे काहीही होवो, पुढच्या वर्षी लग्न करायचे, असे त्यांनी ठरवले. त्याचे प्रेम खरे होते, मित्रांनो. तिला ताप आला तर त्याचे जेवण सुटत असे. मला वाटले, आता माझी सुटका झाली. पण तसे झाले नाही. संध्याकाळी तिचा हात हातात धरून फिरणारा तो मुलगा सकाळी मला घेऊन पडद्याआड उभा राहायचाच. नंतर मला खिळ्याला अडकवून तोंड धुवायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा.

एकदा काका अचानक खोलीत आले. त्यांनी हेरंबला पाहिले, माझा रोख पाहिला. हेरंबला चाहूलही लागली नाही. काका आल्या पावली मागे फिरले आणि चहाच्या वेळी उन्हाळ्याविषयी बोलत बसले.

श्रावणात आत्याने अश्लेषाला जेवायला बोलावले. पुरणपोळ्या होत होत्या. काका तिला म्हणाले, "त्या दूरच्या टाकीवर घार बसलीय बघ. दुर्बीण आहे आतमध्ये."

तिने मला उचलले. टाकी धूसर दिसली, म्हणून तिने मला जरा खाली आणले. चाकाला हात न लावताही तिथे सगळे अगदी स्वच्छ दिसले. तिची खिडकी, तिचा पलंग, आरशाला अडकवलेली तिची निळी क्लिपसुद्धा.

हेरंब दारात उभा होता.

"ही इथेच कशी सेट आहे?" तिने विचारले.

तो घाईने खिडकीचा पडदा ओढू लागला.

"कधीपासून?"

"तुला ओळखत नव्हतो तेव्हापासून."

"आणि ओळखायला लागल्यावर?"

त्याने मान खाली घातली. तिने मला पलंगावर ठेवले आणि हात ओढणीला पुसले.

"मी तुझी होणारच होते ना, यार," ती म्हणाली. "मग चोरून कशाला? त्या खोलीत मी एकटी असते, असं मला वाटायचं."

"अश्लेषा, मी..."

"आत्ता नको. मी बोलवीपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, समोर येणं नाही. एवढं तरी करशील?"

"करीन."

ती न जेवता गेली आणि दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, तिच्या मावशीकडे द्वारकेला राहू लागली. हेरंबने खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्र चिकटवले. दिवसाही दिवा लावून तो अभ्यासाला बसे, पण पान उलटत नसे.

दसऱ्याच्या सुमारास त्याला ताप भरला. डेंग्यू निघाला. इस्पितळात न्यायची तयारी चालली असताना आत्या म्हणाली, "मी अश्लेषाला कळवते."

तो धडपडत उठून बसला. "नको, आत्या. मी आजारी आहे म्हणून तिनं धावत यावं, हे नको. तिला स्वतःहून वाटलं पाहिजे. माझी शपथ आहे तुला."

"अरे, पण..."

"एवढी एक गोष्ट तरी मला धड करू दे."

आत्याने शपथ पाळली. हेरंब घरी परत आला नाही.

दिवाळीनंतर अश्लेषा आली. तिने दारातूनच विचारले, "हेरंब आहे? मी त्याला बोलवायला आलेय." आत्याने तिला नुसते छातीशी धरले. अश्लेषाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी बंद खोलीतही ऐकला.

खूप वेळाने ती त्या खोलीत आली. मागोमाग काका आले.

"पोरी," काका म्हणाले, "मी त्याला एकदा पाहिलं होतं. तेव्हाच कान धरला असता, तर तो थांबला असता. निदान तुला तरी सांगायला हवं होतं. मला लाज वाटली गं."

अश्लेषाने डोळे पुसले. "लाज वाटायचीच गोष्ट होती, काका. पण तुम्ही गप्प राहिलात आणि मी उघड्या खिडकीत वावरत राहिले. तो तसाच गेला. आता मी भांडू कुणाशी? माफ करू कुणाला?"

काकांनी मला पेटीत घातले आणि पेटी कपाटात ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू कहाणीच्या शेवटी आपली धूळ पुसण्याची विनंती करतात. मी ती करणार नाही. आज तुमच्या प्रत्येकाच्या हातातल्या फोनलाही डोळा आहे. तो कुणाकडे वळवण्याआधी एवढेच विचारा, की ज्याला मी पाहतो आहे, त्याला हे ठाऊक आहे का? नसेल, तर हात खाली घ्या. आणि दुसऱ्या कुणाचा हात तसा उचललेला दिसला, तर लाजून परतू नका. तिथेच, त्याच क्षणी, त्याला नावाने हाक मारा.