भिंतीपलीकडची जपमाळ

कडूबाईनं हट्टच धरला होता, दिशाच्या लग्नाला चर्चची घंटा वाजलीच पाहिजे. आता वाजणार कशी? पुणतांब्याच्या अलीकडच्या त्या वाडीतल्या जुन्या दगडी चर्चचा मनोरा तीन वर्षांपूर्वी तडकला, तेव्हापासून घंटा खाली उतरवून वेदीमागं ठेवलेली. पण नात एकुलती एक, लग्न येत्या मे महिन्यात, आणि आजीचा हट्ट म्हणजे हट्ट.

फादरांनी ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, युक्ती काढली. मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाईल. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतील, जपमाळ म्हणतील आणि मनोऱ्यासाठी पेटीत जमेल ते टाकतील. नियम एकच. ज्या घरी माउली, त्या घरच्या बाईनं दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या हातानं शेजारच्या घरी पोचवायची. मधलं घर गाळायचं नाही.

इथंच घोडं पेंड खात होतं. कडूबाईच्या शेजारी तिची थोरली जाऊ राहायची, भागूबाई. नऊ वर्षांपूर्वी कडूबाईच्या कोंबड्यांनी भागूबाईची वाळत घातलेली कुरडई फस्त केली. त्यावरून अशी जुंपली, की सासऱ्याच्या पडक्या घराचे काळे दगड रचून दोघींनी अंगणात डोक्याएवढी उंच भिंत घातली. तेव्हापासून बोलणं बंद. चर्चात रविवारच्या मिस्सेलाही एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला!

माउली कडूबाईकडं आली, थाटात राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र कडूबाईचा गुडघा दुखायला लागला.

"उद्या नेते माउलीला," ती म्हणाली.

"आज्जी, गुडघा दुखतोय तर मघाशी शेळीमागं कशी पळालीस?" दिशानं विचारलं.

"गप गं! लई शहानी हायेस."

वाडीला काय ठाऊक? नेहमीप्रमाणं माउली पुढच्या घरी गेली असणार म्हणून संध्याकाळी सगळी माणसं भागूबाईकडं जमली. दिशासुद्धा तिकडंच सटकली. म्हणजे बघा, इकडं माउली, मेणबत्ती, पेटी, आणि माणूस एकही नाही. तिकडं सतरंजी, चहाचं पातेलं, अख्खी वाडी, आणि माउलीच नाही!

कडूबाई इरेला पेटली. एकटीच मोठ्यानं जपमाळ म्हणायला बसली. पण जपमाळेत अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची असते आणि उरलेली अर्धी बाकीच्यांनी. "नमो मारिये, कृपापूर्णे" पासून आपली अर्धी म्हणून ती थांबली. उत्तर द्यायला कोण होतं? शेळी तेवढी रवंथ करत होती. कडूबाईला एकदम रडूच आलं. इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून घोगरा आवाज आला, "पवित्र मारिये, देवाच्या माते..."

अगं बाई, भागूबाई!

कडूबाईनं डोळे पुसले, दुसरा मणी ओढला, आपली अर्धी म्हटली. पलीकडून उरलेली आली. तिसऱ्या मण्याला दिशाचा आवाज मिसळला, मग सगळ्या वाडीचा. पन्नासच्या पन्नास मणी असे भिंतीवरून म्हणून झाले.

शेवटचं आमेन झालं आणि कडूबाई उठली. गुडघ्याचं नावसुद्धा नाही! माउली उराशी, पेटी काखेत, अशी ती जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आक्का, जरा उशीर झाला."

"जरा? नऊ वर्सं झाली की गं," भागूबाई म्हणाली, आणि माउलीच्या आधी तिनं जावेचाच हात धरला. "ये आत. च्या निवतोय."

माउली सगळी घरं फिरली, पेटी भरली, मनोऱ्याचं काम लागलं. एप्रिलात गवंड्यानं हात टेकले. वरच्या थराला जुने काळे दगड कमी पडत होते, आणि तसले आता कुठंच मिळेनात. दोघी जावांनी एकमेकींकडं बघितलं. त्याच दिवशी अंगणातली भिंत उतरली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चर्चला गेली.

दिशाच्या लग्नाला घंटा अशी दणाणली, की पार गोदावरीपल्याड ऐकू गेली. कडूबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या अंगणात आरडाओरडा झाला.

"कडे! ए कडे! तुझ्या कोंबड्या माझ्या कुरडईत शिरल्या बघ!"

तिला 'कडे' म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच होतं. कडूबाई केरसुणी घेऊन धावली, आणि धावताना तिला हसू आवरेना.

"आले गं आक्का, आले! तवर तू हाकल की!"