खुराड्यातलं लाकडी अंडं

मित्रांनो, मी एक जुनं अंडं आहे. नाक दाबू नका. मी नासत नाही, मला वास येत नाही आणि माझ्यातून पिल्लूही कधी बाहेर येणार नाही, कारण मी लाकडाचा आहे. एक कातारी यंत्रावर लाकूड फिरवून खाटांचे पाय करायचा. एका पायाचं टोक चिरलं, तेवढं त्यानं कापून बाजूला टाकलं आणि पुढे एका बाईनं मागितलं म्हणून त्या तुकड्याचं अंडं कातून दिलं. वर पांढरा रंग फासला. म्हणजे बघा, नशिबात होतं माणसांना निवांत झोपवणं, आणि वाट्याला आलं कोंबडीच्या बुडाखाली बसणं.

ती बाई म्हणजे बारकीची आत्या. बारकीची आई दवाखान्यात नर्स, बाबा ट्रकवर. दोघं कामाला गेले की घर, शिलाई मशीन, परसबाग आणि बारकी, सगळं आत्याच्या गळ्यात. मागच्या अंगणात तिनं मिरच्या, टोमॅटो आणि वाल लावले होते, कुंपणावर भोपळा चढवला होता. कोपऱ्यात विटांवर उभं केलेलं कोंबड्यांचं खुराडं होतं. कोंबड्या मात्र मोठ्या नाठाळ. खुराडं सोडून भोपळ्याच्या पानांखाली अंडी घालायच्या. आत्या कंबर वाकवून शोधेपर्यंत कावळ्यांनी कार्यभाग उरकलेला असायचा.

कोंबडीचं एक असतं. जिथं आधीच एक अंडं दिसतं तिथं ती आपलं घालते. एक इथं सुखरूप राहिलं तर माझंही राहील, असं तिला वाटत असावं. म्हणून आत्यानं मला खुराड्यातल्या वरच्या कप्प्यात गवतावर ठेवलं. माझं काम एवढंच, की गप्प पडून राहायचं आणि ही जागा सुरक्षित आहे असं भासवायचं.

आता खरं सांगतो, मी स्वभावानं भित्रा आहे. लाकूड असून भित्रा, हसाल तुम्ही. पण जो खोटा असतो त्याला पकडलं जाण्याची धास्ती कायम असते. पहिल्याच दिवशी तांबड्या कोंबडीनं मला चोच मारून पाहिलं. माझ्या रंगाचा टवका उडाला आणि मला वाटलं, झालं, आता हिनं ओळखलं. पण तिनं मान तिरकी करून जरा विचार केला आणि मला पोटाखाली ओढून घेतलं. पुढे ती खुडूक झाली, म्हणजे पिल्लं काढायच्या हट्टानं बसली, तेव्हा कितीतरी दिवस माझ्यावरून उठेना. दाणे टाकले तरी उठेना. तिची ती सगळी ऊब एका खाटेच्या तुकड्यावर वाया चालली होती आणि मला फार वाईट वाटत होतं. शेवटी आत्यानंच तिला उचलून पाटीखाली झाकलं.

माझं काम मात्र फत्ते झालं. सगळ्या कोंबड्या खुराड्यात अंडी घालू लागल्या. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या, एकीनं तर मला उसनं मागितलं. मग सवय झाली तशी मला कुणी विचारीना. रंगाचे पोपडे गेले, विष्ठेचे डाग पडले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

विसरली नाही ती फक्त बारकी. शाळेतून आली की पाठीवरचं दप्तरही न उतरवता ती बादली उपडी घालायची, वर चढायची आणि कप्प्याच्या कडेवरून खांद्यापर्यंत हात आत घालायची. कप्पा तिच्या डोळ्यांच्या वर होता. तिला आतलं काही दिसत नसे, सगळा कारभार स्पर्शावर. हलकं आणि कोमट लागलं की खरं अंडं, ते परडीत. जड लागलं की मी. मला ती ठकवतो म्हणून ठक्या म्हणायची. रोज एक टपली मारायची आणि सांगायची, ठक्या, बस.

त्या हाताची मी दिवसभर वाट पाहायचो आणि त्याच हाताची मला सगळ्यात जास्त काळजी वाटायची. कारण जे तिला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात जाळीचे खिळे निघाले होते. आत्यानं तिथं उरलेल्या कापडाची चिंधी बांधली होती आणि रविवारी खिळे मारू म्हणाली होती. रविवार येत होते, जात होते. कधी गणवेशांची शिवण यायची, कधी टोमॅटोवर कीड पडायची. वाऱ्यानं चिंधी हलली की मी दचकायचो. तिथून काय काय आत येऊ शकेल, याचा विचार करण्याखेरीज मला दुसरा उद्योगच नव्हता.

एका दुपारी ती चिंधी हलली, पण वारा नव्हता.

आधी एक डोकं आलं. मग अंग येतच राहिलं, येतच राहिलं. साप किती लांब होता ते मला कळलं नाही, कारण त्याची शेपटी आत येण्याआधीच तोंड माझ्याजवळ होतं. शेजारची दोन खरी अंडी त्यानं सावकाश गिळली. मग माझ्याकडे वळला. मी इतकी वर्षं कोंबड्यांखाली काढलेली, मला त्यांचाच वास. तो बिचाराही फसला. एवढ्या जणांना मी ठकवलं, पण याला ठकवायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

आत काय असतं ते विचारू नका. अंधार असतो आणि चारी बाजूंनी आवळणारं अंग. खरी अंडी आत गेल्यावर फुटली होती. मलाही तसंच दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, पण मी फुटलो नाही. मग साप आला त्या वाटेनं निघाला आणि जाळीच्या फटीत माझ्यापाशी अडकला. त्याचं पोट माझ्यामुळे फुगलं होतं. त्यानं बराच जोर केला, मग मागे सरकला आणि दमून गवतात वेटोळं करून बसला. मी फुटलो असतो तर तो केव्हाच निघून गेला असता. आता माझ्यामुळेच तो तिथं बसला होता, बरोबर बारकीचा हात पडतो त्या जागी.

तांबडीनं खुराड्यात डोकावून पाहिलं आणि एकच कल्ला केला. मला वाटलं, सुटलो, आता आत्या येईल. पण आत्या वालाच्या शेंगा तोडत होती, तिथूनच ओरडली, अगं अंडं घातलंस म्हणून सगळ्या गावाला सांगतेस का. कोंबडी अंडं घातल्यावरही तशीच ओरडते ना. आत्याला वेगळं काय कळणार?

मग फाटक वाजलं. बादली उपडी पडल्याचा आवाज आला. मला तोंड असतं तर मी गळा फाटेस्तोवर ओरडलो असतो. लाकडाला ओरडता येत नाही याचं दुःख मला त्या दिवशी झालं तसं कधीच झालं नव्हतं.

हात आत आला. गवत चाचपलं. आणि रोजच्यासारखा माझ्यावर, म्हणजे सापाच्या फुगलेल्या पोटावर, अलगद टेकला.

"आत्या," बारकी म्हणाली, "ठक्याला मोजा घातलायस का?"

"कसला मोजा गं?"

"माहीत नाही. गार आहे. गुळगुळीत आहे." ती थांबली. "आत्या, तो हलतोय."

शेंगांची पाटी खाली पडल्याचा आवाज मी आतून ऐकला. पण आत्याचा आवाज चढला नाही. सुईत दोरा ओवून दे म्हणताना जसा असतो तसाच होता.

"बारके, हात आहे तिथंच ठेव. उचलू नकोस, दाबू नकोस. मी येतेय."

ती येईपर्यंत किती वेळ गेला असेल? चार पावलं तर होती. मला वाटलं ती येतच नाहीये. माझ्यावरची बोटं थरथरायला लागली होती आणि प्रत्येक थरथरीबरोबर सापाचं अंग घट्ट होत होतं.

"मला भीती वाटतीये," बारकी म्हणाली.

"वाटू दे. मलाही वाटतीये. तू मला आज शाळेत काय झालं ते सांग. थांबायचं नाही, सांगत राहायचं."

बारकी सांगू लागली. शेजारच्या मुलीनं खोडरबर घेतला, परत देताना अर्धाच दिला, बाई म्हणाल्या भांडू नका. आवाज अगदी बारीक झाला होता, पण ती सांगत राहिली. तेवढ्यात मला दुसरा हात जाणवला. सुया टोचून खरखरीत झालेला, घामानं ओला. आत्याचा. तिनं काठी आणली नव्हती, फडकंसुद्धा गुंडाळलं नव्हतं. काही शोधायला वेळच नव्हता. बारकीच्या हातावरून सरकत सरकत तो हात सापाच्या तोंडाच्या आणि त्या चिमुकल्या बोटांच्या मध्ये आला आणि थांबला.

"आता माझ्या हाताखालून तुझा काढून घे. हळू."

लहान हात गेला. मोठा तिथंच राहिला. सापानं मान उचलली. तो तिच्या बोटांवर हुंगत होता की काय करत होता, मला दिसत नव्हतं, पण त्या हातातली नाडी मला त्याच्या कातड्यातून कळत होती. मग त्यानं मान खाली टाकली आणि आत्यानं हात बाहेर घेतला. कप्प्यावर फळी सरकवली. त्यानंतर ती मातीतच बसली. बारकीच्या पाठीत एक धपाटा घातला, तिला पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडली.

गल्लीतला वायरमन साप पकडायचा, त्याला बोलावलं. त्यानं सापाला बाहेर काढलं, नीट पाहिलं आणि म्हणाला, हा बिनविषारी आहे, उगाच घाबरलात.

"मी हात घातला तेव्हा हे मला कुणी सांगितलं होतं?" आत्या म्हणाली.

वायरमन खाली उकिडवा बसला. त्यानं सापाचं पोट अंगठ्यांनी हळूहळू वर चोळत मला तोंडापर्यंत आणलं आणि मी चिकट होऊन मातीत पडलो. साप त्यानं पिशवीत घालून दूर ओढ्यापलीकडे सोडला. जाताना सांगून गेला की असं लाकडी अंडं पोटात राहिलं असतं तर साप मेलाच असता, ठेवायचं तर जाळी पक्की करा. आत्यानं मला चुलीत घालायला नेलंय असं मला दोनदा वाटलं. पण तिनं धुऊन खिडकीत ठेवलं, त्याच संध्याकाळी जाळीला खिळे मारले आणि कप्पा खाली आणला, बारकीच्या डोळ्यांच्या खाली येईल इतका.

बारकी मात्र खुराड्याकडे फिरकेना. अंडी आत्याच काढायची. कुणी बारकीला चल म्हणालं नाही, भित्री म्हणूनही चिडवलं नाही. एका दुपारी ती आपणहून आली. वाकली, कितीतरी वेळ आत बघत राहिली, गवत काडीनं चाळवलं आणि मगच हात घातला. मी परत जागेवर होतो. ठक्या, बस, म्हणाली. तिची टपली पूर्वीपेक्षा हलकी होती.

मित्रांनो, हात घालायच्या आधी डोळे घालावेत, हे तुम्ही आता माझ्याकडून शिकलाच असाल. पण मला सांगायचंय ते निराळंच आहे, आणि ते बारकीलाही ठाऊक नाही. ती शाळेतून यायच्या जरा आधी आत्या रोज शिवण टाकून उठते. इकडेतिकडे बघत खुराड्यापाशी येते. आत विजेरी मारते, जाळी ओढून पाहते. तेवढ्यानं तिचं समाधान होत नाही. मग ती डोळे गच्च मिटते आणि गवताखाली, अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत, स्वतःचा उघडा हात फिरवते. तो हात रोज थरथरतो. अजून एक दिवसही असा गेला नाही, की तो थरथरला नाही.

तुम्हीही कपाटात, माळ्यावर, खाटेखाली बिनधास्त हात घालता ना? तुमच्या आधी कुणीतरी भीत भीत तिथं हात घालून गेलेलं असतं. त्या हाताला जपा.