तहानलेल्या डिशवॉशरची कैफियत

टुंई! टुंई! टुंई!

रविवारी दुपारी कोथरूडमधलं ते घर जेवून आडवं झालं होतं. ती शांतता मीच मोडली. मित्रांनो, मी डिशवॉशर, भांडी घासणारं यंत्र. पोटात कुकर, कढया, श्रीखंडाच्या वाट्या खच्चून भरलेल्या, आणि पाण्याचा थेंब नाही! तहान लागली की टुंई करण्यापलीकडे मला येतं काय?

कारखान्यातून या घरी आलो, तेव्हा मला कुंकू लावलं होतं. श्रद्धाताईंनी चिमुकल्या लेकीला, संस्कृतीला, जवळ ओढून सांगितलं होतं, "आता भांडी हा घासणार, आणि आपण दोघी रोज एक गोष्ट वाचणार." तेव्हापासून हळदीचे डाग, करपलेली खीर, सगळं मी निमूट सोसत आलो.

आज मात्र श्रद्धाताई पदर खोचावा तशी ओढणी खोचून माझ्यावर धावून आल्या. "आजच बरा संप सुचला! आता बसते मी घासत, आणि गोष्ट राहिली."

संस्कृती पुस्तक छातीशी धरून दारात उभी होती.

"मोलकरणी रुसतात हे ठाऊक होतं," श्रद्धाताईंच्या सासूबाई, कौशल्याबाई, डोळे चोळत आल्या. "यंत्रंही रुसतात हे आत्ता कळलं."

"अहो आई, टोमणे जरा पुरवून वापरा. दुपार मोठी आहे."

श्रद्धाताईंनी माझा नळ पाहिला, तो चालू होता. माझं दार आपटून पुन्हा लावलं. मग मला ओट्याखालून फरफटत ओढलं. नळी कुठे मुडपली नव्हती. "मग धाड काय भरलीय ह्याला?" मला ठाऊक होतं हो, पण सांगू कसं?

शेवटी त्यांनी नळ बंद करून नळीचं तोंड उघडलं. आतून निघालं चौपदरी फडकं, गाळानं थापलेलं!

"हे कोणी कोंबलं?"

"मी," कौशल्याबाई म्हणाल्या. "टँकरचं पाणी गढूळ येत होतं. पिण्याच्या नळाला आपण फडकं बांधतोच की. ह्यानं काय पाप केलंय?"

श्रद्धाताईंनी कपाळावर हात मारला. "माया करा, पण घसा नका आवळू त्याचा!"

मित्रांनो, माझंही हेच म्हणणं आहे. नळीच्या टोकाशी माझी स्वतःची इवलीशी जाळी असते. ती अधूनमधून काढून धुतलीत, तर जन्मभर राबेन. वरून आणखी काही नेसवू नका.

फडकं गेलं, नळी बसली, आणि माझ्या पोटात पाणी खळखळलं. अहाहा!

"सुटले बाई!" श्रद्धाताईंनी घाम पुसला. "ह्या मेल्यापायी आजची गोष्ट बुडाली असती. आण गं पुस्तक." बोलता बोलता त्यांनी ऑफिसचे निरोप पाहायला फोन उचलला.

संस्कृती जागची हलली नाही.

"आई, काल तर हा बिघडला नव्हता. परवा पण नव्हता. मग तेव्हा गोष्ट का नाही झाली?"