तुतीचं माप

अंगणात एक तुतीचं झाड, दोन उंबरठे, एक नळ आणि तीन बादल्या होत्या. बादल्या तिन्ही टेपकाकूच्या. खोडाला गुडघ्याच्या उंचीवर, चार बोटं रुंदीचा, सगळीकडून साल सोललेला पट्टा होता. तो तिच्या दिराने सोललेला.

"वहिनी, नळ दोघांचा आहे," दीर दारातून ओरडला.

"झाड माझ्या एकटीचं होतं. सोलताना आठवलं नाही?"

गळ्यात सदानकदा टेप असायची म्हणून गल्ली तिला टेपकाकू म्हणायची. तुती तिच्या नवऱ्याने लावलेली. तो गेल्यावर दिराला त्या जागी गाडीसाठी शेड हवी होती. ती कपडे पोचवायला गेलेली असताना त्याने सुरा चालवला. साल काढली की पाणी तुटतं, झाड आठ दिवसांत वाळतं, हा त्याचा हिशेब. उन्हाळा सरला तरी पान पिवळं पडलं नाही. हे आपल्या बादल्यांमुळे, हा तिचा.

"बघा हो भाऊजी, कसं तकतकीत आहे. तुमच्या टकलाहून जास्त."

"तोंड सांभाळा!"

"दोघंही चुकताय," दिराची मुलगी पायरीवरून म्हणाली. ती वनस्पतिशास्त्र शिकत होती, सुट्टीला आली होती. "पाणी सालीतून चढतच नाही, बाबा. आतल्या लाकडात बारीक नळ्या असतात. पानांतून पाणी उडून जातं, तसं खालचं वर ओढलं जातं."

"मग झालं तर!" टेपकाकू म्हणाली.

"नाही झालं, काकू. पानं अन्न तयार करतात ते सालीतून खाली येतं. ते अडलं असेल तर मुळं उपाशी आहेत. साठवलेलं संपलं, की पाणीही ओढणार नाहीत. मग तीन बादल्या घाला नाहीतर तीस."

टेपकाकूने हातातली बादली खाली ठेवली. "असेल तर म्हणजे?"

"सुरा पुरता आत गेला नसेल, तर थोडं उतरत असेल. मग वाचेल. अडलं असेल तर पट्ट्याच्या वर खोड फुगतं."

"मोजा मग," दीर म्हणाला. "फुगलं नसेल तर शेड मागे बांधतो. फुगलं असेल तर उद्या कुऱ्हाड. आहे कबूल?"

"कबूल."

"तू मोज गं. या आपल्या सोयीचं माप सांगतील."

"तीस वर्षांत माझं माप कुणी दुसऱ्यांदा घेतलेलं नाही," टेपकाकू म्हणाली आणि गळ्यातली टेप काढली. "खोड वर बारीक होत जातं ना गं?"

"हो. बाहीसारखं."

तिने आधी पट्ट्याच्या खाली टेप फिरवली. मग वर. टेप जुळायच्या आधीच अंगठ्याला फुगवटा लागला. गिऱ्हाइकाचं मन राखायला टेप किती आवळायची, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. दीर दारातच उभा होता. तिथून त्याला आकडे दिसत नव्हते.

तिने नेहमीसारखं एक बोट टेपेखाली सैल ठेवलं, खालीही तसंच ठेवलं होतं.

"किती?" दिराने विचारलं.

"खाली सव्वीस इंच," टेपकाकू म्हणाली. "वर साडेसत्तावीस."